पेटीला कुंकू

श्रीनिवासकाका कुंकवाची वाटी घेऊन टेबलाजवळ आले, तशी तुंगा जवळजवळ ओरडलीच. "काका, कीबोर्डवर नको! प्लीज, कीबोर्डवर नको!"

"मग झाकण मिटव. झाकणावर लावतो."

"पाच घरं राहिलीत हो. अर्धा तास द्या फक्त."

"अर्धा तास नाही नि पाव तास नाही. आयुधपूजा आहे आज. सुतार रंधा ठेवतो, ड्रायव्हर गाडी ठेवतो, आणि तू काय जगावेगळी लागून गेलीस? आज हत्याराला हात लावायचा नाही, अष्टे. विषय संपला." काकांनी तिच्या हातातून लॅपटॉप काढूनच घेतला, झाकणावर हळद-कुंकवाची बोटं ओढली, वर एक शेवंती ठेवली आणि तो देवासमोर स्क्रूड्रायव्हर, स्कूटरची किल्ली आणि ऑफिसचा जुना प्रिंटर यांच्या रांगेत नेऊन बसवला. "परवा ये, परवा कर. पाच घरं कुठे पळून जातायत?"

घरं पळून जात नाहीत, हे खरंच. तुंगानं चुरमुरे-गूळ खाल्ला, दोनदा मागून घेतला, आणि घरी गेली.

हे ऑफिस म्हणजे म्हैसूरच्या गोकुलममधल्या एका घराचा वरचा मजला. खाली योगाचा वर्ग. सकाळी जिन्यात परदेशी चपलांचा खच पडलेला असायचा आणि त्यातून वाट काढत तुंगा वर यायची. वर दोन टेबलं, एक पंखा आणि भिंतीवर काकांच्या आईचा फोटो. काका म्हणजे तुंगाच्या वडिलांचे वर्गमित्र. काकांची आई एकटी असताना स्वयंपाकघरात पडली. काका तेव्हा बंगळूरला नोकरीत होते. कुणाला कळायच्या आत सगळं संपलं होतं. त्यानंतर काकांनी नोकरी सोडली आणि 'सोबत' काढली.

सोबत म्हणजे तळहाताएवढी पांढरी पेटी. म्हैसूरमध्ये अशी घरं काय थोडी आहेत? मुलं बंगळूरला, नाहीतर पार साता समुद्रापलीकडे, आणि घरात एक म्हातारं माणूस आणि एक तुळस. त्या घराच्या हॉलमध्ये ही पेटी लावायची. घरात माणूस हिंडतं-फिरतं आहे की नाही, एवढंच ती बघते. सकाळी दहापर्यंत काहीच हललं नाही तर ती फोन लावते: आधी शेजाऱ्यांना, मग मुलांना, मग ऑफिसला. सगळं ठीक असलं की पेटीवर हिरवा दिवा.

पेटी हुशार होती. पेटीमागचा कोड मात्र म्हणजे एक प्रकरणच होतं! पहिल्या घराची फाईल काकांनी स्वतः लिहिली, त्यांच्या आत्यासाठी. दुसरं घर आलं तेव्हा तीच फाईल कॉपी करून नाव आणि फोन नंबर बदलले. तिसऱ्यालाही तसंच. असं करत करत चाळीस घरांच्या चाळीस फाईली झाल्या. एकाच पोराच्या चाळीस झेरॉक्स काढाव्यात आणि प्रत्येकाच्या गालावर वेगळ्या जागी तीट लावावी, तसं. एका ठिकाणी काही सुधारलं की उरलेल्या एकोणचाळीस ठिकाणी हातानं सुधारायचं.

त्यात दसऱ्याची भानगड. पहिल्या वर्षी दसऱ्यात निम्मी म्हातारी मंडळी मुलीकडे राहायला गेली, उरलेली पहाटेपासून मिरवणुकीची जागा धरून बसली, आणि सगळ्या पेट्यांनी एकदम बोंब ठोकली. अमेरिकेतले मुलगे झोपेतून उठून काकांना काय काय बोलले! म्हणून काकांनी पेट्यांना दसऱ्याची सुट्टी लावून दिली. सुट्टीत पेटी झोपते, फोन करत नाही. सुट्टी कधी सुरू व्हायची ती तारीख सगळ्यांची एक, एकाच जागी. सुट्टी संपायची तारीख मात्र ज्याच्या त्याच्या फाईलमध्ये, कारण कुणी मुलीकडून उशिरा परततं. आणि दसरा काही दर वर्षी एका तारखेला येत नाही. त्यामुळे दर वर्षी या चाळीस तारखा हातानं बदलायच्या.

तुंगा उन्हाळ्यात तिथे लागली, आणि गणपतीच्या सुमारास तिनं कोड तपासायचं एक टूल चालवून बघितलं. चुकांच्या ओळींनी स्क्रीन तांबडा झाला नुसता. तिनं काकांना बोलावलं.

"बघा काका. एकच गोष्ट चाळीसदा लिहिलीय. तारखा अशाच उघड्या टाकल्यात, कशाच्या आहेत तेही लिहिलेलं नाही. एखादी राहून गेली तर कुणाला कळणारसुद्धा नाही. कारण पेटी झोपली तरी दिवा हिरवाच राहतो."

"चालतंय ना?"

"चालतंय, पण..."

"चालतंय तर मग सुम्ने, उगाच कशाला उकरतेस, मारायती, बाई माझे? दसरा होऊ दे. मग काय धुवायचं ते धू."

यंदा दसरा लवकर आला. गेल्या वर्षीचा उशिरा होता. म्हणजे जिथे जुनी तारीख तशीच राहील, तिथली पेटी दसरा संपल्यावरही आठवडाभर झोपूनच राहणार. तुंगाला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर ती एकेक फाईल उघडून तारीख बदलत बसली होती, आणि पाच घरं उरली असताना लॅपटॉपला कुंकू लागलं.

विजयादशमीला अर्धं गाव रस्त्यावर. संध्याकाळी बन्नीमंटपच्या मैदानावर मशालींची कवायत. तुंगा आईबरोबर गेली, घसा बसेपर्यंत ओरडली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली तर काकांनी तिच्यासमोर नवं काम ठेवलं: एका अपार्टमेंटला बारा पेट्या हव्या होत्या, लगेच. लॅपटॉपच्या झाकणावरचं कुंकू तिनं ओल्या फडक्यानं पुसलं आणि कामाला लागली.

ती पाच घरं ती विसरली. याच्यामागे काही मोठं कारण नव्हतं. विसरली, बस.

पुढच्या मंगळवारी फोन आला. चामराजपुरमच्या भवानीबाई गेल्या.

तुंगा त्यांना ओळखत होती. उन्हाळ्यात तिनंच त्यांच्याकडे पेटी बसवली होती. भवानीबाईंच्या सासऱ्यांचे आजे म्हणे राजाच्या घोडदळात होते. हॉलमध्ये त्यांची तलवार, तिच्याशेजारी नवऱ्याचा, वेंकोजीरावांचा, हार घातलेला फोटो, आणि त्या दोघांच्या मधे पेटी लावायची असा बाईंचा हट्ट.

"आजी, इथे नको. दाराकडे लावते."

"इथेच लाव गं. तिघं मिळून राखण करतील." मग तिच्या हातात ताकाचा पेला देत त्यांनी हळूच विचारलं होतं, "ही मला सारखी बघते का? न्हाणीतसुद्धा?"

"नाही हो आजी! न्हाणीत कशी बघेल?"

"मग न्हाणीत पडले तर?"

"तुम्ही बाहेर आला नाहीत म्हणून तिला कळेलच ना. ती सगळ्यांना उठवेल."

"मग बरं," म्हणाल्या होत्या भवानीबाई.

त्या न्हाणीतच पडल्या होत्या. रविवारी कधीतरी. शेजारचे दसऱ्याच्या सुट्टीत उडुपीला गेलेले. मंगळवारी फुलं देणारी बाई आली, तिनं मागच्या दारानं आत डोकावलं. दवाखान्यात नेईपर्यंत जीव होता. संध्याकाळी गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका त्यांच्या घरी जाऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यात कुठेतरी सुटल्यासारखंही काही होतं. खुर्चीत बसत ते म्हणाले, "पेटीची पूजा केली होती गं बाईंनी. तलवारीबरोबर. हळद, कुंकू, गंध, सगळं ओलं ओलं. पार फटींमध्ये गेलंय. पाणी आत गेलं असणार. दुसरं काय?"

काका बोलत असतानाच तुंगाला ती पाच घरं आठवली होती. आठवली म्हणजे कशी, तर जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तशी.

तिनं भवानीबाईंची फाईल उघडली. खाली, अगदी खाली, जुन्या फाईलमधून कॉपी होऊन आलेली गेल्या वर्षीची तारीख. पेटीच्या नोंदी बघितल्या. पेटी धडधाकट होती. रविवारी सकाळनंतर दिवसभर घरात काही हललं नाही, हे तिनं बरोबर टिपलं होतं. सोमवारी दहापर्यंतही काही हललं नाही, तेही टिपलं होतं. फक्त सुट्टी होती, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

आधी तिनं उरलेल्या चार घरांच्या तारखा बदलल्या. एक आकडा दोनदा चुकला. मग चारही घरांना फोन लावले. तिघांनी लगेच उचलला. चौथ्या घरी घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि तुंगा टेबलाची कड धरून उभी राहिली.

"हॅलो? कोण ते? पूजेला बसलोय, कळत नाही?" एक म्हातारा खेकसला.

"काही नाही आजोबा. सहज केला."

"सहज! ह्या वयात सहज फोन घ्यायला पळायचं आम्ही!" त्यांनी धाडकन ठेवला. आयुष्यात कुणाची बोलणी तिला इतकी गोड लागली नव्हती.

मग ती काकांकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं. काका आईच्या फोटोकडे वळले.

"आता नीट केलंस ना?"

"केलं. पण..."

"मग झालं. बाईंची मुलगी जर्मनीहून आलीय, रम्या. तिला मी कुंकवाचं सांगितलंय. आता पुन्हा तोंड उघडायचं नाही."

"काका, पण ते खोटं आहे."

"खोटं नाही, मला तसंच वाटलं होतं."

"आता तर तसं वाटत नाही ना?"

"तुंगा, ऐक." काकांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त भीतीदायक होतं. "चाळीस म्हातारी माणसं आहेत ह्या पेट्यांवर. उद्या बातमी झाली, लोकांनी पेट्या काढून फेकल्या, ऑफिसला कुलूप लागलं. मग त्यांच्याकडे कोण बघणार? तू? भवानीबाई परत येणार आहेत का? तुझं ते धुणं-पुसणं करायचं होतं ना? कर आता. मी मधे येणार नाही."

तिनं केलं. पुढचे दिवस तिनं दुसरं काहीच केलं नाही. चाळीस फाईली मोडून एक केली. घरांची नावं, नंबर वेगळे काढले. सुट्टी सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख शेजारी शेजारी ठेवली, एकाच जागी, वर स्पष्ट नाव देऊन. संपायची तारीख नसेल तर सुट्टी सुरूच होणार नाही, असं केलं. आणि झोपलेल्या पेटीचा दिवा पिवळा. ज्या कामाला काका गणपतीपासून नाही म्हणत होते, त्याच कामासाठी आता ते स्वतः फिल्टर कॉफी आणून ठेवत होते, पेल्याखाली कागद घालून, टेबलावर डाग पडू नये म्हणून.

शेवटी तिनं टूल पुन्हा चालवलं. एकही तांबडी ओळ नाही. इतका देखणा कोड तिनं आजवर लिहिला नव्हता. आणि तो बघता बघता तिला नकोसा झाला. कारण त्यात आता काही दिसतच नव्हतं. चूक कुठे होती, कशी झाली, काहीच नाही. जुन्या चाळीस फाईली तेवढ्या एका कोपऱ्यात पडून होत्या.

"त्या कशाला ठेवल्यास?" काकांनी मागून विचारलं. "टाक काढून. कचरा सगळा."

एकोणचाळीस तिनं काढल्या. चाळिसाव्या फाईलवर भवानीबाईंचं नाव होतं. तिच्यावर बोट ठेवून ती बसून राहिली, आणि मग काका वळल्यावर तिनं लॅपटॉप मिटला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी काका म्हणाले, "चल माझ्याबरोबर. पेटी परत आणायचीय. तू बसवलीस, तूच असलेली बरी. बोलेन मी."

चामराजपुरमच्या त्या घरात हॉलभर माणसं बसली होती. मधोमध आरामखुर्चीत भवानीबाईंचे थोरले भाऊ, खंडोजीराव. काठी दोन्ही हातांत धरून ते आलेल्या प्रत्येकाला तेच सांगत होते, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे सगळ्या गल्लीला सांगितल्यासारखं सांगत होते. "लहानपणापासून हिचं असंच! जे दिसेल त्याला कुंकू! शिवणयंत्राला कुंकू, मिक्सरला कुंकू! इतकी चांगली पेटी पोरीनं पैसे घालून घेऊन दिली, ती हिनं आपल्या हातानं बिघडवली. स्वतःच्या हातानं मेली हो भवानी!"

लोक माना हलवत होते. भिंतीवर तलवार होती, वेंकोजीरावांचा फोटो होता. मधे खिळा होता नुसता.

रम्या आतल्या खोलीत होती. पलंगावर वर्तमानपत्र पसरून तिनं त्यावर पेटी ठेवली होती आणि केसातल्या पिनेनं ती फटीतलं सुकलेलं कुंकू खरवडत होती. पेटीचा दिवा अजून हिरवा होता, कारण बॅटरी कुणी काढली नव्हती. रम्याचे डोळे सुजलेले होते, पण ती रडत नव्हती. खरवडत होती.

"असू द्या हो," काका म्हणाले. "आम्ही साफ करू."

"नाही, माझ्याच्यानं बघवत नाही हे." रम्यानं मान वर केली नाही. "किती वेळा सांगितलं होतं मी. आई, मशीन आहे ते, त्याला काही लावू नको. हो म्हणायची नुसतं. रविवारी मी फोन केला. उचलला नाही. मला वाटलं, देवळात गेली असेल. सोमवारी परत केला. तेव्हा म्हटलं, काही असतं तर पेटीनं कळवलं असतं." पिन थांबली. "तसं म्हणून मी मीटिंगला गेले."

काकांनी तुंगाकडे पाहिलं. त्या पाहण्यात दटावणं नव्हतं. विनवणी होती, आणि तीच तुंगाला सहन झाली नाही.

"त्या फुलवालीला आईनं काय विचारलं माहितेय?" रम्या म्हणाली. "डोळे उघडून विचारलं, कन्नडमध्ये, 'आलीस? पेटीनं सांगितलं का तुला?'"

बाहेर खंडोजीराव नव्या कुणालातरी मिक्सरपासून सांगायला लागले होते.

"रम्याक्का," तुंगा म्हणाली, "कुंकवानं काही झालेलं नाही."

"तुंगा," काका म्हणाले.

"कुंकवानं काही झालेलं नाही. पेटी चांगली आहे. आजी पडल्याचं तिला कळलं होतं." तिनं पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. "दसऱ्यात आम्ही पेट्यांना सुट्टी देतो. सुट्टी कधी संपायची ती तारीख मी बदलायची होती. पस्तीस घरांची बदलली. आजींची राहिली. आयुधपूजेला लॅपटॉप देवासमोर ठेवला आणि नंतर मी विसरले. आजींनी लावलेल्या कुंकवाचा काही संबंध नाही. माझ्या लॅपटॉपलासुद्धा कुंकू होतं."

लॅपटॉप तिनं पिशवीतून आणलाच होता. तिनं तो उघडून ती फाईल दाखवली. खालची तारीख दाखवली. रविवारच्या नोंदी दाखवल्या, सोमवारच्या दाखवल्या. रम्यानं सगळ्या वाचल्या, एकेक करून. वाचताना एका ठिकाणी तिचं बोट थांबलं.

"इथे दुपारी काहीतरी हललंय. सोमवारी."

"हो." हे सांगायचं नाही असं तुंगानं ठरवलं होतं. "न्हाणीचं दार हॉलकडे आहे, ते उघडं असेल. हात वगैरे बाहेर आला असेल."

रम्यानं ओंजळीत तोंड धरलं. काका दाराला टेकून उभे होते आणि एकदम फार म्हातारे दिसत होते.

"मी थांबवलं हिला," ते अखेर पुटपुटले. "ती काम करत होती. मी हातातून काढून घेतलं."

रम्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती तुंगाला म्हणाली, "मी तुला माफ वगैरे करणार नाही. तसं काही मनात आणू नकोस."

"नाही."

"आणि मी हे इथेच सोडणार नाही. तुम्हाला दोघांनाही."

"हो."

"पण आईनं काही चुकीचं केलं नव्हतं."

"नाही. काहीच नाही."

रम्यानं पिन खाली ठेवली. नखात अडकलेल्या कुंकवाकडे तिनं क्षणभर बघितलं आणि ते पुसलं नाही. मग दाराकडे बोट केलं. "बाहेर जाऊन सांग. मामाला सांग. दहा दिवस झाले, येईल-जाईल त्याला तो तेच सांगतोय. सगळ्यांसमोर सांग."

तुंगा हॉलमध्ये आली. माणसांनी माना वळवल्या. ती आरामखुर्चीसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तिनं सांगितलं.

खंडोजीरावांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतेस, मगा, पोरी? मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही."

तुंगानं श्वास घेतला, आणि मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.